लेकीच्या घरचं पाणी

व्हिएन्ना, ९ एप्रिल १९६६

मंजूचे बाबूजी,

जय जिनेंद्र.

रागावू नका. तीन वर्षं झाली, धुळ्याच्या घरात लेकीचं नाव घ्यायचं नाही असा तुमचा हुकूम आहे. पण तुमचं नाव तर मी जन्मात कधी तोंडाने घेतलं नाही. मंजू झाल्यापासून तुम्हाला याच नावाने हाक मारत आले. आता या वयात नवीन हाक कुठून आणू? तुम्हाला सुचली तर कळवा, विचार करीन.

मी सुखरूप पोचले. बोटीत पहिले काही दिवस पोटात काही टिकलं नाही, मग टिकलं. इटलीत जिनोव्हाला उतरले, तिथून रेल्वे. स्टेशनावर जावई देवचंद घ्यायला आले होते. मंजूला आठवा महिना लागलाय, तिला त्यांनी घरीच थांबवलं होतं. माझी ट्रंक स्वतः उचलली आणि जिने चढले. ट्रंक किती जड होती ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दारात उभे राहून हमालाला ती उचलताना बघत होतात आणि म्हणत होतात, "गेलीस तर या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

मी ऐकलं. बहिरी नाही मी. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत तुमच्याच आईने मला शिकवली. तुम्ही मंजूला माहेर बंद केलंत, म्हणून मी माहेर ट्रंकेत भरून तिच्याकडे आणलं. डिंक, सुंठ, बदाम, साजूक तुपाचा डबा तिच्यासाठी. खाकरे, पापड, मुगाची डाळ आणि आपल्या घरचं पीठ माझ्यासाठी. माझं वेगळं का, ते सांगते.

तुम्ही म्हणता ते लग्नच नव्हे. मुंबईच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या, फेरे नाहीत, वरात नाही, आणि मुलगा रावेरकडचा, बौद्ध, सुरवाडे आडनावाचा. ठीक आहे, तुम्ही म्हणा. मी मात्र ठरवून निघाले की आपण लेक दिली आहे आणि हे तिचं सासर आहे. आणि सासर म्हटलं की आपली रीत आली. नातवंड होईपर्यंत आईबापांनी लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, पैसा तर नाहीच नाही. ती रीत मी इथे अक्षरशः पाळणार आहे. माझ्या पिठाची भाकरी मी माझ्या तव्यावर करते. तवा पण आणलाय.

तिकिटाला माझ्या माहेरच्या पाटल्या गेल्या. जळगावला पन्नालालने सगळं जमवून दिलं, पण त्याला बोल लावू नका, मोठ्या बहिणीपुढे तो बिचारा काय बोलणार. सरकारने परदेशात न्यायला दिलेले तीन पौंड पदराच्या गाठीला आहेत आणि ते मोडायचे नाहीत. कशासाठी ठेवलेत ते पुढे कळेल. तेव्हा या गावात जे फुकट असेल तेवढंच मी बघणार. मंजू म्हणाली, "बाई, असं कसं? इथं पैशाशिवाय काय बघशील?" (मंजू मला अजून बाईच म्हणते.) मी म्हटलं, डोळे माझे आहेत, पाय माझे आहेत, बघते की नाही बघ.

आज पहिल्याच दिवशी गावाच्या मध्यावरचं मोठं देऊळ बघितलं. ख्रिस्ती देऊळ आहे, आत जायला कोणी काही मागत नाही. त्याचं छप्पर रंगीत कौलांचं आहे आणि त्यावर आपल्या लहरियाच्या लुगड्यासारख्या नागमोडी रेघा आहेत. एवढ्या उंचावर देवाला लहरिया नेसवलाय! मी मान वर करून उभी राहिले ते पदर खाली कधी आला कळलं नाही. लोक देऊळ सोडून मला बघायला लागले. त्यांचंही फुकटात झालं.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका. बन्सीलाल मुनिमांना सांगा, नाहीतर ते हमखास घालतील.

राजकुंवर

———

व्हिएन्ना, २६ एप्रिल

मंजूचे बाबूजी,

जय जिनेंद्र.

तुमचं उत्तर नाही. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही, तुम्हाला वाचायला आवडतं म्हणून लिहिते. जेवताना वर्तमानपत्र कसं वाचता ते मला माहीत आहे. हेही तसंच ताटाशेजारी ठेवून वाचा.

मी इथे रोज फिरते. मंजूने माझ्या पिशवीत घराचा पत्ता लिहून ठेवला आहे, पण तो अजून लागला नाही. देवळाचं टोक दिसतं तोपर्यंत मी हरवत नाही.

राजाचा महाल आहे, शोनब्रुन नावाचा. आत जायला तिकीट. राणीचा पलंग बघून मला काय करायचंय? बाग मात्र सगळ्यांना मोकळी, आणि खरी शोभा बागेतच आहे. मागे टेकडी आहे, तिच्यावर खांबांचा एक मंडप. तिथे चढून गेलं की सगळं गाव पायाशी. राजाने हे बांधायला किती ओतलं असेल कुणास ठाऊक, मी तिथे बसून दोन खाकरे खाल्ले आणि उतरले. एका जुन्या चौकात दोन इमारतींच्या मध्ये कमान आहे आणि कमानीवर घड्याळ. दुपारी बारा वाजले की त्यातून राजे, राण्या, सरदार एकामागून एक बाहेर पडतात आणि वाजंत्री वाजते. खाली गर्दी होते. मी तीनदा जाऊन आले. रविवारी मोठ्या देवळांतून गाणं-बजावणं असतं, मागच्या बाकावर बसायचं आणि ऐकायचं. भाषा कळत नाही, पण आपल्या मंदिरातल्या पूजेची प्राकृत तरी मला कुठे सगळी कळते? सूर्य इथे उशिरा मावळतो, त्यामुळे चौविहार सांभाळणं तर अगदीच सोपं. संध्याकाळी खूप वेळ उजेडात बसून जेवता येतं.

आता पाण्याचं. मंजूच्या घराच्या कोपऱ्यावरच्या चौकात दगडी कारंजं आहे आणि त्याला पिण्याच्या पाण्याची तोटी. पाणी दूरच्या डोंगरातून येतं, गार आणि गोड. आपल्या आग्रा रोडवरच्या पाणपोईसारखंच, येईल त्याने प्यावं. मी रोज सकाळी तांब्या आणि गरणं घेऊन जाते, गाळून भरते, वर आणून उकळते. शेजारच्या म्हातारीने हे चार दिवस बघितलं आणि इमारतीच्या रखवालदाराला सांगितलं की या हिंदुस्थानी लोकांचा नळ बिघडलाय, बिचारी आई खालून पाणी भरते. तो पाना घेऊन दारात! नळ उघडून बघतो तर धो धो पाणी. तो नळाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मंजूला हसून हसून कळ आली, मी घाबरलेच.

देवचंद हसले नाहीत. ते रोज संध्याकाळी कामावरून आले की माझ्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवतात. मी हात जोडते. ते पेला उचलून नेतात.

परवा मात्र उचलला नाही. समोर बसले आणि म्हणाले, "एक विचारू? मंजूने तुमची रीत मला समजावून सांगितली. पण मला खरं कसं कळावं? आमच्या हातचं पाणी न पिणारे लोक मी जन्मापासून बघितलेत. प्रत्येकाकडे काही ना काही कारण असतं."

मी म्हटलं, विचारलंत ते बरं केलंत.

मग ते म्हणाले, "तुमच्या पाणपोईवर मी प्यायलोय. शाळेत असताना, वडिलांबरोबर धुळ्याला आलो होतो. पन्हळीतून."

बाबूजी, तुम्हाला पन्हळ आठवते ना? बाजूच्या खिडकीतून बाहेर काढलेली पत्र्याची पन्हळ. तुमच्या वडिलांनी लावली. एका बाजूने लोक पेल्याने पितात, दुसऱ्या बाजूने काही लोक ओंजळ धरून पन्हळीखाली उभे राहतात. कायदा कधीच झाला, पण पन्हळ तिथेच आहे, आणि शेवंताबाई अजून माणूस बघून ठरवते की पेला द्यायचा की पन्हळ. मी त्या पाणपोईवरून हजारदा गेले असेन. पन्हळ मला दिसली आणि दिसलीही नाही. इथल्या चौकातल्या तोटीला पन्हळ नाही, एकच तोटी आहे, आणि मी परकी बाई असून मला कोणी विचारलं नाही.

मी त्यांना द्रौपदाबाईंची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, कारण ही तुम्हाला ठाऊक नाही. निघायच्या आधी मी जळगावहून बसने रावेरला गेले, तिथून त्यांच्या गावी, विहिणीला भेटायला. घर सारवलेलं, स्वच्छ. त्यांनी आल्याआल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडून नको म्हटलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. म्हणाल्या, "मंग उंबऱ्याच्या आत कायले आल्या? बाहीरूनच जाचं होतं."

मी म्हटलं, "द्रौपदाबाई, वाटेत रावेरच्या स्टँडवर मी कुणाच्या हातचं पाणी प्यायले ते मी विचारलंही नाही. तुमच्याच घरी का पीत नाही? लेक दिलेलं घर आहे म्हणून. आज मी इथे पाणी प्यायले तर त्याचा अर्थ, मी तुम्हाला लेक दिलीच नाही."

त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे मी विहीणच झाली म्हना की! मंग नातवंड झाल्यावर या. तवा सोडनार नाई तुमाले." आणि मुलासाठी केळीच्या पापडांचा डबा बांधून दिला.

देवचंदांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. पेला उचलून आत नेला. त्यांच्या जागी मी असते तर मीही पटकन विश्वास ठेवला नसता.

म्हणून तुम्हाला उघड लिहिते. दिवाळीला हे दोघं बाळाला घेऊन देशात यायचं म्हणतात. रावेरचं दार उघडंच आहे. धुळ्याचं काय, एवढंच मला तुमच्याकडून हवं आहे. देवचंद म्हणतात, "बोलावल्याशिवाय मी येणार नाही." मला ते आवडलं. तुमच्याइतकाच ताठ कणा आहे.

राजकुंवर

———

व्हिएन्ना, १४ मे

मंजूचे बाबूजी,

जय जिनेंद्र.

पत्र पोचलं! अक्षर बन्सीलाल मुनिमांचं असलं तरी राग तुमचाच आहे, लगेच ओळखला. तुमचंच तुम्हाला पुन्हा वाचून दाखवते:

"गेलीस ती गेलीस. इकडील काळजी नसावी. परंतु लेकीच्या घरचे पाणीसुद्धा घेऊ नये. घराण्याची रीत मोडल्याचे कानावर आल्यास खपवून घेतले जाणार नाही. लोणचे ठीक आहे."

मी हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं. मग मला असं हसू आलं की मंजूने पाठीवरून हात फिरवला.

बाबूजी, काय लिहून बसलात हो तुम्ही?

लग्न नव्हे म्हणता ना? मग इथलं पाणी प्यायला मला कसली अडचण? सही करून एका खोलीत राहणारी दोन माणसं, त्यांच्या घरचं पाणी म्हणजे धर्मशाळेचं पाणी. नुसत्या ओळखीच्या घरी पाणी न पिण्याची रीत आपल्या घराण्यात नाही. हां, दुसरी एक रीत होती, पन्हळीची. पण तुमच्या मनात ती असती तर तुम्ही "लेकीच्या घरचे" लिहिलं नसतंत. वेगळा शब्द लिहिला असतात, तो मी या कागदावर घेणार नाही. तुम्हाला राग आला, आणि रागाच्या भरात तुम्हाला कशाची काळजी वाटली? तर जावयाच्या घरी आपली मान खाली जाऊ नये, याची. ही काळजी फक्त सासऱ्याला असते.

देवचंदांनी पत्र मागून घेतलं. स्वतः वाचलं. मंजूला विचारलं, "हे खरंच असं आहे? हे फक्त जावयालाच म्हणतात?" मंजू म्हणाली, "जावयालाच. दुसऱ्या कुणाला नाही." तेव्हा ते हसले. मी आल्यापासून पहिल्यांदा. हसताना चांगले दिसतात, डाव्या गालाला खळी पडते. बाळाला पडायला हवी.

त्या संध्याकाळी पेला आला नाही. त्याऐवजी म्हणाले, "बाई, एक अडचण आहे." पहिल्यांदा मला बाई म्हणाले, मंजू म्हणते तसं. "मी शिकतोय ते पाण्याच्या नळांचंच. हल्ली काम शिकायला पाणीखात्यातच जातो. चौकातल्या तोटीला जे पाणी येतं ते आमच्याच खात्याचं. म्हणजे तुम्ही महिनाभर जावयाचंच पाणी पिताय."

मी म्हटलं, "डोंगरातलं पाणी डोंगराचं, चौकातलं गावाचं. तुमच्या उंबऱ्याच्या आत आलं की तुमचं. आणि सासूशी वाद घालायचा नाही." त्यांनी कान धरले. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे पुसायला पापडाचा डबा आणायच्या निमित्ताने आत गेले.

काल नदीवर नेलं त्यांनी, डॅन्यूबवर. चालत. ट्रामचं तिकीट काढू देत नाही म्हणून माझ्याबरोबर चालतात आता. पाणी बघायला पैसे पडत नाहीत. तापीपेक्षा मोठी आहे का, विचाराल. पावसाळ्यातल्या तापीपेक्षा नाही. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, "हे मी इथे कुणालाच पटवू शकलो नाही."

तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. नातवंड मोठं झालं की दाखवीन.

राजकुंवर

———

व्हिएन्ना, ५ जून

मंजूचे बाबूजी,

जय जिनेंद्र.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाक तुमचं आहे, त्याला आता काही इलाज नाही. खळी आहे.

पहाटे दवाखान्यात नेलं होतं. तिथे मला थांबू देईनात, म्हणून मी घरी माळ घेऊन सामायिक करत बसले. दुपारी देवचंद आले. दारातच उभे. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. एवढे उंच, वाकले तेव्हा हात पोचला. मग ते स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज आला. माझं गरणं खुंटीवर होतं, ते घेऊन त्यांनी पाणी गाळलं, मंजू करते तसं, आणि पेला घेऊन माझ्यापुढे आले. पुढे केला नाही, हातात धरून उभे राहिले.

"मुलगी आहे, बाई," म्हणाले. "तुमच्या रीतीत मुलगी चालते का?"

तुमच्या चुलत्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे. नातू हवा, मगच पाणी. पण मला दुसरं आठवलं. आपली मंजू अवेळी, मला माहेरी न्यायच्या आधीच झाली, तेव्हा माझे वडील पारोळ्याहून आले होते. उन्हाचे, एवढ्या लांबून, आणि ओसरीवर बसून राहिले, कारण लेकीचं घर. तुमच्या चुलत्यांनी तेव्हाही म्हटलं, मुलगीच झाली, रीत सुटली नाही. तुम्ही उठलात. आत गेलात, तांब्या भरून आणलात, आणि माझ्या वडिलांपुढे स्वतः वाकून म्हणालात, "नात झाली. आता प्या." तेवीस वर्षांचे होतात. त्या दिवसापासून मी तुम्हाला मंजूचे बाबूजी म्हणते. ती हाक मला का सोडवत नाही ते आता कळलं ना?

मी देवचंदांना म्हटलं, "आमच्याकडे चालते. मंजूच्या बाबूजींनीच चालवली." आणि प्यायले. पेला पूर्ण रिकामा केला आणि आणखी मागितला. ते रडत होते आणि मीही रडत होते.

तीन पौंड चिमणीच्या मुठीत ठेवले. मूठ अशी घट्ट मिटली की पेढीवर बसवायला हरकत नाही. त्याच्यासाठीच ठेवले होते. सगळं गाव फुकट बघितलं, आणि नातीला रिकाम्या हाताने बघितलं नाही.

आता तुमचं. दिवाळीच्या आधी आम्ही मुंबईला उतरू. धुळ्याची बस आग्रा रोडवर आपल्या पाणपोईपाशी थांबतेच. घराचं दार उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी विनवणी करणार नाही. पण देवचंद पाणपोईवर उतरतील आणि पाणी पितील. पाणपोई सगळ्यांची आहे, पाटीवर तुमच्या वडिलांनी तसं लिहिलंय. त्या वेळी तिथे कोण उभं असेल आणि पाणी कशातून देईल, एवढंच मला बघायचंय. त्यालाही तिकीट नाही.

राजकुंवर

———

व्हिएन्ना, २ ऑक्टोबर

मंजूचे बाबूजी,

जय जिनेंद्र.

चार महिने तुम्ही गप्प. मी पण हट्टाने लिहिलं नाही. रोज बारा वाजता घड्याळाखाली चिमणीला घेऊन उभी राहायचे आणि टपालवाला येऊन गेला असेल असं मनाशी म्हणायचे. काल आला.

दोन पत्रं होती. एक बन्सीलाल मुनिमांचं. त्यांनी लिहिलंय, पर्युषण संपलं त्या क्षमा मागायच्या दिवशी शेठजी एकटेच आग्रा रोडवर गेले, लोहाराला बोलावलं, आणि तो येईपर्यंत धीर न धरवून स्वतःच खिळे उपसायला लागले. शेवंताबाई घाबरून बाहेर आली. "शेठ, आते बठ्ठास्ले पेलाच देऊ का?" तिने विचारलं. आणि शेठ म्हणाले, "बठ्ठास्ले. सगळ्यांना."

दुसरं तुमच्या हातचं. अक्षर इतकं बिघडलंय तुमचं! एकच ओळ आहे, पण मी देवचंदांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती उभ्याने वाचली, मग बसून वाचली.

"पन्हळ काढली. बस कोणती ते कळवणे."

मुंबईहून सकाळची. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत पोचेल, माझा चौविहार चुकायचा नाही. मोठे पेले तीन घासून ठेवा, पहिला देवचंदांना. चिमणीला अजून वरचं पाणी चालत नाही, तिला फक्त धरा.

मंजूची बाई